दम्याच्या गाईडलाईन्स तपासायचा विषय घेताय? मग हे आधी वाचा

पुण्यात एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स डिग्री) करताना डिझर्टेशनला मी दम्याच्या क्लिनिकल गाईडलाईन्सची (डॉक्टरांनी उपचार कसे करायचे याच्या मार्गदर्शक सूचनांची) क्वालिटी तपासायचा विषय घेतला होता, ज्युनियर्स सारखे विचारतात म्हणून लिहितेय. पेशंटसाठी ससून हॉस्पिटलला खेटे घालायला नकोत म्हणून सोपा असेल असं समजून घेऊ नका, वाचन प्रचंड आहे.

त्यासाठीचं टूल म्हणजे ॲग्री टू (AGREE II), गाईडलाईनची क्वालिटी मोजायची प्रश्नावली. 2010 चं, 6 डोमेन म्हणजे विभाग, 23 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 7 मार्क. एकट्याने करायचं नाही, किमान दोघं हवेत, चौघं मिळाले तर उत्तम, आणि एकमेकांचे मार्क न बघता द्यायचे. टक्केवारी काढताना सरासरी काढू नका. शेवटच्या डोमेनमध्ये 2 प्रश्न, तपासणारे 4, म्हणजे कमीत कमी 8 आणि जास्तीत जास्त 56 मार्क, तुमची बेरीज आली 20 तर 20 मधून 8 वजा, भागिले 48 (56 वजा 8), म्हणजे 25 टक्के.

प्रत्येक मार्काशेजारी पान नंबर लिहाच, व्हायव्हाला तोच कामी येतो. मोठी संस्था आहे म्हणजे आधीच्या संशोधनाचा सर्च नीट केलाच असेल असं धरायचं नाही, कुठले डेटाबेस, कुठल्या काळातले, काय शब्द टाकले हे लिहिलेलं नसेल तर मार्क कमीच, पण त्याआधी सोबतच्या सप्लिमेंट फाईल्स उघडून बघा, बऱ्याचदा सगळं तिकडे असतं.

आता खरं महत्त्वाचं. ॲग्री टू गाईडलाईन कशी बनवली ते तपासतं, आतला सल्ला बरोबर आहे का ते नाही. 2019 ला जीनाने (GINA, दम्यावर गाईडलाईन काढणारी जागतिक संस्था) सांगितलं की मोठ्यांना आणि 12 वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या सालब्युटामॉलच्या (श्वासनलिका पटकन मोकळी करणाऱ्या औषधाच्या) पंपावर ठेवू नका, इनहेल्ड स्टेरॉइड हवंच, कारण नुसत्या पंपाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण आतली सूज तशीच राहते आणि मोठा अटॅक यायचा धोका राहतो. त्याआधीची नीट बनवलेली गाईडलाईन मार्क मस्त घेईल आणि सल्ला जुनाच देईल! म्हणून टेबलमध्ये वर्ष आणि रिलिव्हरचा (त्रास होताच ओढायच्या पंपाचा) सल्ला असे दोन कॉलम वेगळे ठेवा, कुणी सांगितलं नसलं तरी.

ॲप्लिकेबिलिटीचं (सल्ला प्रत्यक्षात वापरता येईल का, याचं) डोमेन घाईत उरकू नका. स्पायरोमीटर (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायचं यंत्र) नसलेल्या आरोग्य केंद्रात काय करायचं, खर्च किती येईल, हे लिहिलंय का ते शोधा, आपल्याकडे गाडी तिथेच अडते.

सरावाला इंडियन चेस्ट सोसायटी आणि एनसीसीपीची (नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स) 2015 ची संयुक्त गाईडलाईन घ्या, लंग इंडिया या जर्नलमध्ये फुकट वाचता येते. दोघांनी वेगवेगळं तपासा, मग ज्या प्रश्नांवर मार्कांत फरक जास्त येईल तेवढेच डिझर्टेशनच्या गाईडसमोर घेऊन बसा.