चेन पडते? लगेच ताणू नका

पोवई नाक्याचा चढ लागला की माझी चेन पडायची. साताऱ्यात सपाट रस्ता तो किती, त्यामुळे दिवसातून दोनदा हात काळे. सायकल वडिलांची, काळी, बावीस इंची, बिनगिअरची. एका दुकानातून बॉटमच्या, म्हणजे पॅडलचा एक्सल फिरतो त्या जागेच्या, कपांचं काम करून आणली तेव्हापासून हे सुरू झालं. मी काय केलं, तर चेन ताणली. पडली, पुन्हा ताणली. महिन्याभरात पॅडल जड झालं, चेन मात्र पडतच राहिली. सैल चेन पडते हे खरं. पण पुढचं आणि मागचं दातेरी चक्र एका रेषेत नसलं की चेन तिरकी धावते, आणि तिरकी चेन कितीही ताणली तरी पडते.

आधी फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्राचे, दात बघा. एकाच अंगाने घासून चकचकीत झाले असतील तर चेन सरळ धावत नाही.

मग मागचं चाक. उजवा नट आवळताना एक्सल पुढे सरकतो आणि चाक वाकडं बसतं. टायर चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या बरोबर मध्ये धरून दोन्हीकडचे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. निम्म्या सायकली इथेच सुधारतात. माझी नाही सुधारली.

तेव्हा स्टीलची पट्टी घेतली. पुढे सीटच्या नळीच्या कडेपासून पुढच्या चक्राच्या दाताच्या मध्यापर्यंत 24.7 मिमी, त्यात नळीची अर्धी जाडी 14.3, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून 39. मागे चिमट्याच्या, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांच्या, आतलं अंतर 110, त्याचं निम्मं 55. उजव्या खाचेपासून फ्रीव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत 12, ते वजा केले की 43. पुढचं चक्र चार मिलिमीटर आत! एक-दीडचा फरक चेन निमूट सोसते, चारचा नाही. (पॅडल फिरवताना चक्र लचकत असेल तर मोजू नका, आधी ते सरळ करा.)

कारण शोधताना कपाळाला हात लावला. कॉटरवाल्या, म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) पाचरीने अडकवलेल्या, बॉटम एक्सलचं एक टोक जरा लांब असतं, ते चेनच्या बाजूला यायला हवं. आमच्याकडे तो उलटा बसवलेला.

कॉटर काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी आणून ठेवा आणि क्रँकखाली लाकडाचा ठोकळा देऊन ठोका. नाहीतर आटे चेपतात आणि नवा कॉटर आणावा लागतो. एक मी असाच घालवला. डावीकडची रिंग आणि कप उघडला की एक्सल बाहेर येतो. उजवा कप हलवायची गरज नाही. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, छर्रे घरंगळतात. माझ्याकडे पाव इंची, दर बाजूला 11. ग्रीस भरून एक्सल फिरवून बसवला, पुढचं माप 44 आलं. मागे 43. तेवढ्यावर सोडून दिलं. फरक जास्त असता आणि फ्रीव्हील आत पडलं असतं, तर त्याच्यामागे पातळ स्पेसर घातला असता.

ताण शेवटी. चक्र क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून पॅडल फिरवत चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधा आणि तिथे मधोमध दाबून अर्धा इंच हलेल एवढी ढिलाई ठेवा. चेन लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे.