20 क्लोन, आयपी एकच

लॅबच्या प्रॉक्समॉक्स सर्व्हरवर (एकाच यंत्रावर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) उबुंटूच्या एका टेम्प्लेटवरून, म्हणजे नमुना मशीनवरून, 20 क्लोन काढले. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) प्रत्येकाचा वेगळा, तरी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सगळ्यांना एकच. एकात लॉगिन केलं की दुसरं लटकायचं. संशय राउटरवर जातो, पण तो बिचारा निर्दोष. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) आपली ओळख सांगतो ती मॅकवरून नव्हे, मशीन-आयडीवरून, म्हणजे मशीनचा ओळख-क्रमांक ठेवणाऱ्या फाइलवरून, आणि ती फाइल क्लोनमध्ये जशीच्या तशी येते.

टेम्प्लेट करण्याआधी 'ईटीसी' फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. डिलीट नको, आकार 0 बाइट हवा. मग मशीन बंद करा. चुकून पुन्हा सुरू केलं तर नवा आयडी लगेच भरतो. आधीचे क्लोन मोडायची गरज नाही, नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपी-आयडेंटिफायर 'मॅक' ठेवा. एसएसएच होस्ट की (दूरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणारी किल्ली) मात्र प्रत्येकावर नव्याने बनवा, कारण तीही क्लोनमध्ये तशीच येते.