सरकारी अल्गोरिदमचा अभ्यास करायचाय? आधी जीआर वाचा

डेटा सायन्स किंवा सार्वजनिक धोरण शिकलेली मुलं अधूनमधून विचारतात, "सरकार अल्गोरिदम कसे वापरतं यावर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" पायथन येत असतं, मशीन लर्निंगचा कोर्स झालेला असतो. माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो. एक योजना निवडा आणि तिचे सगळे शासन निर्णय, म्हणजे जीआर, तारखेप्रमाणे लावून वाचा, शुद्धिपत्रकांसकट.

मला ही सवय लागली ती कर्जमाफीमुळे. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना बघा. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ, पण लाभ कुटुंबाला. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची मुलं. अर्ज ऑनलाइन भरायचा. आता हेच यंत्रणेच्या बाजूने बघा. बँकेची नोंद कर्जखात्याची असते, कुटुंब नावाचा रकाना तिच्याकडे नसतो. नवऱ्याचं कर्ज विकास सोसायटीचं, बायकोचं राष्ट्रीयीकृत बँकेचं. ही दोन खाती एका घरातली आहेत हे कळायला अर्जातले आधार क्रमांक बँकेच्या नोंदीशी जुळायला हवेत. नाही जुळले तर उरतं नाव, आणि नावाचं काय सांगावं! बाईचं लग्नाआधीचं वेगळं, नंतरचं वेगळं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीनुसार. दिवाळीच्या तोंडावर समारंभ करून प्रमाणपत्रं वाटली गेली, पण याद्यांतल्या चुका निस्तरेपर्यंत पैसे रखडले. सगळे म्हणाले, सॉफ्टवेअरचा घोळ.

डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिथे अर्जच नव्हता. बँकांनी माहिती चढवली, यादीत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळाला, शेतकऱ्याने जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं. रक्कम पटली नाही तर तक्रार, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल म्हणजे निकष कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकऱ्याचा झाला. त्यामुळे घरातली खाती एकमेकांशी जुळवण्याची गरजच उरली नाही. त्याची किंमतही आहेच, कारण एकाच घरात दोन कर्जं असतील तर दोन्ही बसतात. ते न्याय्य की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद प्रोग्रामरशी घालून उपयोग नाही. म्हणून नवख्यांना सांगते, कोड मिळत नाही म्हणून अडून बसू नका. निकष काय, एकक कोणतं (कुटुंब, शेतकरी की खातं), पुरावा कोणी द्यायचा आणि चुकलं तर दाद कुठे मागायची, एवढं हाती आलं की अभ्यास बराच पुढे सरकतो.

परदेशातली गाजलेली प्रकरणंही याच नजरेने वाचा. ऑस्ट्रेलियाच्या 'रोबोडेट' (Robodebt) या सरकारी भत्त्यांच्या वसुली योजनेत कसली कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. माणसाचं वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत सारखं वाटून टाकलं, आणि हंगामी काम करणाऱ्यांना 'तुम्ही भत्ता जादा घेतला' अशा वसुलीच्या नोटिसा गेल्या. साधा भागाकार! नोटीस चुकीची आहे हे सिद्ध करायचं ओझं मात्र लोकांवर.

कागद मिळवायला माहिती अधिकार आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, त्यामुळे पाल्हाळ नको. "अमुक शेतकरी अपात्र का ठरले?" असं विचारलंत तर "अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे ठरलेलं उत्तर येईल. त्याऐवजी निविदा, कंपनीबरोबरचा करारनामा, बैठकांची इतिवृत्तं, नस्तीवरच्या (फाइलवरच्या) टिपण्या अशी कागदांची नावं घेऊन मागा. व्यापारी गुपित म्हणून करारनामा नाकारतील. अपील करा, पण त्यावर प्रबंधाचं वेळापत्रक बेतू नका. नस्ती प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क कायद्यात आहे, तो फार कमी लोक वापरतात.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल तर फुकटात मिळणारं सोनं. आयुष्मान भारत योजनेवरच्या 2023 च्या अहवालात 7,49,820 लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल क्रमांक सापडला : 9999999999. सरकारचा खुलासा असा की पात्रता मोबाइलवर ठरत नाही. मान्य. पण असा आकडा दिसला की तो रकाना कोणी, कुठे, कशाच्या घाईत भरला हे शोधायला बाहेर पडावं.

बाहेर म्हणजे सेवा केंद्रात किंवा सोसायटीच्या गटसचिवाकडे. धोरणाबद्दल त्यांचं मत विचारलंत तर तुम्हाला बरं वाटेल असंच बोलतील. ऑपरेटरला विचारा, "कोणता रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही? मग तिथे तुम्ही काय टाकता?" आणि गर्दी नसताना, दुपारी जेवणानंतर जा. सकाळी सर्व्हर डाउन असेल तर त्यांच्या वाट्याला आधीच पुरेशी बोलणी आलेली असतात.