टुंबूला ताट वाढायचं का? मुलांचा काल्पनिक मित्र आणि मोठ्यांच्या चुका

मिक्सर लागला की माझी लेक स्वयंपाकघरातून पळायची आणि बाहेरच्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसायची. चार वर्षांची झाल्यावर एक दिवस ती पळाली नाही. ओट्याजवळ उभी राहिली, गुडघे जरा वाकवले आणि दोन्ही हात हवेत धरले, साधारण तिच्या कमरेइतक्या उंचीवर. चटणी वाटून होईपर्यंत हात तसेच होते. मी बटण बंद केल्यावर म्हणाली, "टुंबूचे कान झाकले. तो घाबरतो ना." मग खाली बघून त्याला सांगितलं, "झालं हं, संपलं."

टुंबू आमच्याकडे दीड वर्ष राहिला. त्या काळात काही चुका मी स्वतः केल्या, काही ओळखीच्या घरांमध्ये पाहिल्या. कुणाच्या घरी असा न दिसणारा पाहुणा आला असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

"पोरीला काही बाहेरचं तर नाही ना?"

पहिली शंका बहुतेक घरांत हीच येते. मूल कोपऱ्याकडे बघून बोलतं, कुणाला तरी हाक मारतं, आणि आजीच्या काळजात चर्र होतं. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली तर मुलाचं काही बिघडत नाही. पण त्याच्यासमोर कुजबुज सुरू झाली, अंगारा आला, कुणा जाणकाराकडे न्यायची बोलणी झाली, की ज्या गोष्टीची मुलाला मुळीच भीती नव्हती तिची भीती आपणच त्याच्या मनात घालतो.

आजींना समजावताना मला एका आकड्याची मोठी मदत झाली. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०० मुलांपैकी ६५ टक्के मुलांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा सोबती होता. ज्या बाहुलीला किंवा अस्वलाला मूल नाव आणि स्वभाव देतं, तीही यात धरली आहेत. त्या मुलांना आपला मित्र खोटा-खोटा आहे हे नीट माहीत असतं, हेही टेलर यांना वारंवार दिसलं. मोठी माणसं फार गंभीरपणे प्रश्न विचारू लागली, तर मुलंच त्यांना सांगतात की अहो, हा काही खरा नाहीये.

खोटारडेपणा समजून रागावणं, किंवा पाहुण्यांसमोर गंमत करणं

भातुकलीत रिकाम्या कपातून चहा देणाऱ्या मुलीला आपण खोटारडी म्हणत नाही. मग "टुंबू आज जेवला नाही" या वाक्यावर "खोटं बोलू नकोस" का म्हणायचं? हीसुद्धा भातुकलीच आहे, फक्त बाहुली दिसत नाही.

दुसरी चूक जास्त लागते. पाहुणे आले की आपण कौतुकाने म्हणतो, "अगं, मावशीला तुझा टुंबू दाखव ना!" सगळे हसतात. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत उघडी पडते. ओळखीतल्या एका मुलाने अशा प्रसंगानंतर मित्राचं नाव घेणंच बंद केलं. आईला वाटलं, विसरला. तो गच्चीवर एकटा असताना बोलायचा.

मित्राचा ताबा आपल्याकडे घेणं

ही चूक माझी, आणि बाकी सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून इथे जरा थांबते.

लेक भेंडी खात नव्हती. मला युक्ती सुचली. "बघ, टुंबू कशी शहाण्यासारखी भेंडी खातोय!" तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "त्याला भेंडी नाही आवडत." मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी टुंबूने दात घासले, तिसऱ्या दिवशी टुंबू न रडता अंघोळीला गेला. चौथ्या दिवशी कळलं, टुंबू मामाच्या गावाला गेलाय. तीन आठवडे तो आला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मिक्सर लागला की लेक पुन्हा बाहेरच्या खोलीत पळू लागली.

मी काय हिरावून घेतलं होतं ते तेव्हा समजलं. चार वर्षांच्या मुलाचा दिवस कसा असतो ते आठवून पाहा. कधी उठायचं, काय घालायचं, काय खायचं, सगळं दुसरे ठरवतात. लपाछपीतसुद्धा मोठी मुलं त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात, त्याच्यावर राज्य येत नाही. टुंबूच्या बाबतीत मात्र कच्चं लिंबू टुंबू असतो. तो घाबरतो, त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि आपली लेक त्याला शिकवते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात म्हटलं होतं की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. गुडघे वाकवून हवेतले कान झाकणारी माझी लेक त्या क्षणी तशीच उंच होती. मी टुंबूला शहाणा करून तिच्यापुढे उभा केला आणि पुन्हा तिलाच कच्चं लिंबू केलं.

म्हणून मित्राच्या तोंडी आपले शब्द घालू नका. विचारा. "टुंबूला आज शाळेत कसं वाटलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या मुलाला कसं वाटलं याचं असतं. "टुंबूला कुणी खेळायला घेत नाही" असं आलं, तर लगेच "म्हणजे तुलाच ना?" म्हणून पकडू नका. "मग टुंबूने काय केलं? तू त्याला काय सांगितलंस?" असं विचारा. मूल त्याला उपाय सांगतं आणि तो उपाय त्याच्या स्वतःच्या कानांवर पडतो. माझ्या मते आत्मविश्वास इथे वाढतो. "तू किती शूर आहेस" हे दहादा ऐकून त्यातलं फारसं काही मिळत नाही.

ताट वाढायचं का, हाही प्रश्न याच ठिकाणी सुटतो. मुलाने मागितलं तर रिकामी वाटी ठेवा. न मागता वाढू नका.

"मी नाही, टुंबूने सांडलं"

इथे दोन टोकं दिसतात. काही जण टुंबूला रागावून विषय संपवतात, काही जण मुलाकडून कबुली काढायला बसतात. दूध कुणी सांडलं याची चौकशी न करता फडकं हातात द्यावं: "बरं, टुंबूला पुसता येत नसेल, तू त्याला दाखव." जबाबदारी मुलावर राहते आणि खेळही मोडत नाही. चावणं, मारणं मात्र टुंबूच्या नावावरही चालणार नाही, हे साध्या आवाजात सांगून ठेवावं.

नसलेला मित्र आणून देणं

हे अलीकडे फार दिसतं. काल्पनिक मित्रामुळे मुलं हुशार होतात असं कुठेतरी वाचून पालक स्वतःच नाव ठरवतात, चित्र काढतात, "हा बघ तुझा मित्र" म्हणतात. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात (२००९) साडेपाच वर्षांच्या मुलांकडून गोष्टी सांगून घेतल्या. काल्पनिक सोबती असलेल्या मुलांच्या गोष्टी जास्त भरलेल्या होत्या: कोण काय म्हणालं, कुठे, का, हे त्यांत जास्त होतं. पण मित्रामुळे गोष्टी रंगल्या, की गोष्टी रचणाऱ्या मुलांनाच मित्र सुचतो, हे त्यावरून ठरत नाही. ज्या मुलाला असा मित्र नाही त्याच्यात काही उणं नाही. त्याला चिंधीची बाहुली द्या, रिकामा खोका द्या, आणि मुख्य म्हणजे मोबाइल बाजूला ठेवून रिकामा वेळ द्या. बाहुलीशी मूल बहुधा आईबाप होऊन वागतं, तिला जेवू घालतं, रागे भरतं. तेही तितकंच मोलाचं आहे.

"एकटं मूल आहे म्हणून हे होतंय" असं म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आयाही भेटतात. पहिल्या किंवा एकुलत्या मुलांत हे थोडं जास्त दिसतं हे खरं, पण भरल्या घरातही असे मित्र येतात आणि मित्र असलेली मुलं सहसा माणूसघाणी नसतात. शाळा सुरू होताना "आता मोठी झालीस, पुरे" म्हणून त्याला हाकलूही नये. तो आपसूक कमी येऊ लागतो. गेला, तर कुठे गेला म्हणून खोदून विचारू नये.

डॉक्टरांशी कधी बोलावं

मूल त्या मित्राला घाबरत असेल, "तो मला सोडत नाही" म्हणत असेल, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करायला तो सांगतो असं म्हणत असेल, तर थांबू नका. खऱ्या मुलांमध्ये खेळणं पूर्ण बंद झालं, झोप-जेवण बिघडलं, येत असलेलं बोलणं कमी झालं, किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलाला नव्याने आवाज ऐकू येऊ लागले, तरीही दाखवा. मित्राच्या नावाने मूल कुणाच्या नकोशा स्पर्शाबद्दल बोललं, तर तो खेळ समजून सोडून देऊ नका. शांतपणे ऐका, विश्वास ठेवा आणि १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा.

एरवी आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, गरज असेल तर ते पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जाण्याआधी आठवडाभर मूल मित्राशी कधी बोलतं, आधी काय घडलेलं असतं आणि नंतर ते शांत होतं की अस्वस्थ, एवढं वहीत टिपून ठेवा. वही मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि दवाखान्यात त्याच्यासमोर वाचून दाखवू नका.