बिबमागची चिप: धावण्याआधी एवढं बघा

आमच्या ग्रुपमधले नवे धावपटू बिब, म्हणजे शर्यतीत कपड्यावर लावायचा नंबरचा कागद, हातात आलं की आधी फोटो काढतात. मी सांगते, आधी ते उलटं करा. मागे फोमची पातळ पट्टी चिकटवलेली दिसेल, तीच टायमिंग चिप. ती घडी घालू नका, सोलू नका, तिच्यातून सेफ्टी पिन घालू नका. पिना फक्त चार कोपऱ्यांना.

बिब छातीवर, समोरच लावा. या चिपमध्ये बॅटरी नसते. वेळ नोंदवायला रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं, म्हणून चिप अंगाला चिकटू नये यासाठी तो फोम. एका पावसाळी हाफ मॅरेथॉनमध्ये मी बिबवर विंडचीटर चढवला, वर पाण्याचा पट्टा बांधला. यू-टर्नच्या मॅटवर माझी नोंदच झाली नाही. निकालात नाव यायला तीन दिवस मेल करावे लागले. तेव्हापासून बिब सगळ्यात वर, कायम.

बुटाला बांधायची चिप मिळाली तर लेसमध्ये घट्ट ओवा.

गर्दीत मागे असाल तर घाबरू नका. तुमचा चिप टाइम स्टार्टची मॅट ओलांडल्यावरच सुरू होतो. बक्षिसं मात्र बऱ्याचदा गन टाइमवर, म्हणजे शर्यत सुरू झाल्याच्या इशाऱ्यापासून मोजलेल्या वेळेवर, ठरतात, नियम वाचून ठेवा. वाटेतली एकही मॅट चुकवू नका. फिनिशला घड्याळ बंद करायला मॅटवर थांबू नका, पुढे चालत राहा. आणि दुसऱ्याचं बिब लावून कधीही धावू नका. काही झालं तर डॉक्टर त्याच नावाच्या घरी फोन करतील.