जुनी जाहिरात शेवटून वाचायची

माझं माहेर बार्शीचं, घरचं कापडाचं दुकान. त्यामुळे कुठलीही जाहिरात दिसली की दुकानदार काय विकतोय याच्या आधी तो पैसे कसे घेतोय, हे बघायची खोड काही जात नाही. सिडनीजवळच्या पॅरामॅटाला राहायला आल्यापासून ही खोड मी सिडनीच्या जुन्या वर्तमानपत्रांवर चालवते. ओळखीतले बरेच जण विचारतात की ते वाचायचं कसं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी ‘ट्रोव्ह’ उघडा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हे संकेतस्थळ फुकट आहे. वर्तमानपत्रांच्या भागात जा, मजकुराच्या प्रकारात ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग’ निवडा आणि सालाची मर्यादा घाला, नाहीतर हजारो पानं अंगावर येतील. वर्तमानपत्र निवडा ‘सिडनी गॅझेट’. पूर्ण नाव ‘सिडनी गॅझेट अँड न्यू साउथ वेल्स अ‍ॅडव्हर्टायझर’, म्हणजे जाहिराती नावातच आहेत. पहिला अंक ५ मार्च १८०३ चा. छापणारा जॉर्ज हाउ हा शिक्षा होऊन आलेला कैदी, आणि छापखान्याचं यंत्र १७८८ मध्ये ब्रिटनहून कैदी घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर आलेलं. कागदाची कायम मारामार. त्यामुळे १८०७-०८ मधले काही महिने रिकामे दिसले तर तुमचा शोध चुकला असं समजू नका, अंकच निघाले नव्हते.

शोधताना एक अडचण येते. सुरुवातीच्या अंकांत ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं. संगणक ‘सोप’ला ‘फोप’ वाचतो आणि साबणाची जाहिरात तुमच्या हाती लागत नाही. म्हणून दोन्ही अक्षरं घालून शोधा. तशी ओळ सापडली की तिथल्या तिथे दुरुस्त करून ठेवा; ट्रोव्हवर वाचकाला ती सोय आहे, पुढच्याची मेहनत वाचते.

आता मुख्य काम. जाहिरातीची सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच असते: अमुक गृहस्थ आपल्या मित्रांना आणि जनतेला नम्रपणे कळवू इच्छितात, वगैरे. ती सरळ सोडून द्या. मग मालाची यादी येते: चहा, साखर, तंबाखू, रम, साबण, बुटं, सुती कापड. ती नंतर सावकाश वाचा. आधी शेवटच्या ओळीवर जा. पैसे कशात घेणार, हे बहुधा तिथे असतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कारण न्यू साउथ वेल्स या ब्रिटिशांच्या वसाहतीत माल खपण्याची चिंता कमी, वसुलीची जास्त. नाणं टिकतच नसे. जहाज माल घेऊन यायचं आणि चलन घेऊन जायचं. मग व्यवहार चालायचा गव्हावर, रमवर, पैसे देण्याचं वचन लिहिलेल्या खासगी चिठ्ठ्यांवर आणि सरकारी कोठाराच्या पावत्यांवर. शेतकरी कोठारात गहू किंवा मांस घालायचा, पावती घ्यायचा, आणि तीच पावती हातोहात पैशासारखी फिरायची. दुकानदार गहू घ्यायला तयार असेल तर त्याचं गिऱ्हाईक शेतकरी आहे, हॉक्सबरी नदीकाठचं किंवा पॅरामॅटाकडचं. कोठाराची पावती किंवा सरकारी हुंडी मागत असेल तर त्याला बाहेरच्या व्यापाऱ्याचं देणं भागवायचंय. चिठ्ठी अजिबात नको म्हणत असेल, तर तो आधी पोळलेला असावा. आमच्या दुकानातही उधारीचं गिऱ्हाईक आणि रोखीचं गिऱ्हाईक यांच्यासाठी गाठोडी वेगळी सुटायची.

या ओळी कळायला एक कोष्टक जवळ ठेवा. गव्हर्नर किंग यांनी नोव्हेंबर १८०० मध्ये वसाहतीत चालणाऱ्या नाण्यांचे दर जाहीर केले. त्यात आपला रुपया आहे! रुपयाचे २ शिलिंग ६ पेन्स, सोन्याच्या मोहरेचे १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स, पॅगोडा म्हणजे होनाचे ८ शिलिंग, स्पॅनिश डॉलरचे ५ शिलिंग. सिडनीच्या गल्ल्यात रुपया आणि होन पडत होते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. त्याने कूस बदलली.

१८१३ नंतरच्या जाहिराती वाचताना भोकाचा डॉलर लक्षात घ्या. ईस्ट इंडिया कंपनीकडून ४०,००० स्पॅनिश डॉलर आले होते. ते देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर मॅक्वारी यांनी प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडून घेतलं. कड्याची किंमत ५ शिलिंग, मधल्या टिकलीची १५ पेन्स. हे काम केलं विल्यम हेन्शॉलने, जो खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन आला होता. याहून योग्य माणूस मिळाला नसता. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, त्यामुळे तिथून पुढे जाहिरातींतल्या अटी वेगळ्या नजरेने वाचाव्या लागतात.

शेवट झाला की माल कुठल्या जहाजातून आला ते बघा. जहाजाचं नाव मिळालं तर त्याच किंवा आधीच्या अंकात जहाजांच्या बातम्यांत ते कुठून निघालं ते सापडतं. कलकत्ता आलं की व्यापारी रॉबर्ट कॅम्पबेलचं नाव आसपास असण्याची शक्यता मोठी. त्याच्या कलकत्त्याच्या पेढीने पाठवलेलं ‘सिडनी कोव्ह’ जहाज १७९७ मध्ये टास्मानियाजवळच्या बेटांपाशी फुटलं, तरी गडी हटला नाही; सिडनीत येऊन त्याने धक्का आणि वखारी बांधल्या. कापडांची नावंही नीट बघा. डोंगरीवरून नाव पडलेलं जाडंभरडं डंगरी इथे इतकं रुळलं होतं की गरीब वसाहतवाल्यांना ‘डंगरी सेटलर’ म्हणायचे.

मग एकच नाव धरून पुढेमागे जा. मेरी रीबी घ्या, ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवरची बाई. घोडाचोरीच्या गुन्ह्यात कोवळ्या वयात इथे पाठवली गेली, १८११ मध्ये नवरा गेल्यावर धंदा स्वतः सांभाळला, १८१२ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर नवी वखार उघडली. आडनावाची स्पेलिंगं जेवढी सुचतील तेवढी घालून शोधा. आणखी एक सूचना हमखास उपयोगी पडते: वसाहत सोडून जाणारा माणूस आपलं जाणं छापून कळवायचा, म्हणजे घेणेकऱ्यांनी वेळेत दारात यावं. दुकानदाराचं नाव अचानक दिसेनासं झालं तर आधी अशी सूचना शोधा, मग दिवाळं, मग मृत्यू.

त्याच पानावरच्या बाकीच्या सूचनाही सोडू नका. पळालेल्या कैद्यांची नावं, बायकोने केलेली उधारी मी फेडणार नाही असं बजावणारे नवरे, आणि विकाऊ शेतं. शेताच्या जाहिरातीत एकर असतात, साफ केलेली जमीन असते, घर असतं. ती जमीन आधी दारुग या इथल्या मूळ रहिवाशांची होती याचा तिथे उल्लेख नसतो. तो तुम्हीच आपल्या वहीत समासात लिहायचा, मी लिहिते.

मेलबर्नचं वाचायचं असेल तर तिथलं पहिलं वर्तमानपत्र जॉन पास्को फॉकनर या खानावळवाल्याने १ जानेवारी १८३८ ला काढलं, तेही हाताने लिहून, नाव ‘मेलबर्न अ‍ॅडव्हर्टायझर’. न्यूझीलंडसाठी ‘पेपर्स पास्ट’ हे संकेतस्थळ आहे. तिथल्या ‘न्यूझीलंड गॅझेट’चा पहिला अंक २१ ऑगस्ट १८३९ ला लंडनमध्येच छापला, वसाहतवाले निघण्याच्या सुमारास. दुसरा एप्रिल १८४० मध्ये पोर्ट निकल्सनला, म्हणजे आजच्या वेलिंग्टनला. दोन्ही अंकांतल्या जाहिराती शेजारी उघडून ठेवा. लंडनमध्ये त्यांना काय विकलं आणि तिथे उतरल्यावर त्यांना काय लागलं, ते दोन रकान्यांत लिहायला घ्या.