नवीन अलॉय बसवल्यावर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं? दोष असा शोधा

नवीन अलॉय व्हील बसवली. गल्लीबोळात गाडी छान चालते, पण हायवेला लागून काटा ८० च्या पुढे सरकला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. १०० च्या आसपास थरथर सर्वात जास्त, आणि काही गाड्यांमध्ये त्याहून वेग वाढवला की ती कमीही होते. जुन्या चाकांवर यातलं काहीच नव्हतं. मग बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाक समतोल करणं) होतं, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) होतं, दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा बॅलन्सिंग होतं. मशिनवर शून्य दिसतं आणि गाडी तशीच.

याचं कारण बरेचदा असं असतं: बॅलन्सिंग मशिन चाक ज्या मध्याभोवती फिरवतं तो मध्य आणि गाडीवर बसल्यावर ते ज्या मध्याभोवती फिरतं तो मध्य, हे दोन वेगळे पडलेले असतात. मशिनवर चाकाच्या मधल्या भोकात शंकू घालून चाक घट्ट धरतात. गाडीवर मात्र ते भोक हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यापेक्षा, मोठं असेल, तर चाक नुसत्या नटांच्या भरवशावर राहतं आणि नट आवळताना जिकडे सरकेल तिकडे बसतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी चाक हबच्या मध्यावर बसलंय का, हे बघा.

थोडंसं सरकल्याने काय होणार, असं वाटेल. हिशेब करून बघू. टायरसकट चाकाचं वजन १८ किलो धरा. ते अर्धा मिलिमीटर बाजूला बसलं, तर १६ इंची रिमच्या कडेला सुमारे ४५ ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखा परिणाम होतो. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं, आणि तेवढ्या वेगात हे ४५ ग्रॅम हबला सुमारे ७ किलोचा हिसका देतात, सेकंदाला १४ वेळा. वेग निम्मा केला की हा जोर चौथाई होतो, म्हणून ५० ला काहीच जाणवत नाही. शिवाय सस्पेन्शनखालच्या भागांची स्वतःची हलण्याची लयही साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा अशी असते. दोन्ही लयी जुळल्या की थरथर उसळते आणि वेग त्यापुढे गेला की ओसरते.

आधी गाडी चालवा आणि लक्षणं लिहून ठेवा

टायरमधली हवा दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे भरा आणि गुळगुळीत, सरळ, मोकळ्या रस्त्यावर जा. कोणाला तरी सोबत घ्या; तुम्ही रस्त्याकडे बघा, वेग आणि थरथरीची नोंद त्यांनी करावी.

थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली आणि पायाखाली जास्त जाणवत असेल तर मागच्या चाकांवर. ही खूण शंभर टक्के खरी ठरते असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

मग त्याच वेगात एक गिअर खाली टाकून बघा. इंजिनचे फेरे वाढतात, चाकाचे तेवढेच राहतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष चाकांकडे आहे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क बघायला हवी, आणि फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. अशा वेळी नव्या चाकांना उगाच दोष देऊ नका.

गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर टायर खालून थोडा चपटा होतो आणि गरम झाल्यावर पूर्ववत होतो. त्यामुळे निदान १५-२० किलोमीटर चालवल्यानंतरचीच नोंद खरी धरा.

थरथर कमी वेगातही जाणवत असेल, रोज वाढत असेल किंवा सोबत टक-टक असा आवाज येत असेल, तर पुढचं काही करायच्या आधी गाडी बाजूला घेऊन चारही चाकांचे नट तपासा. ढिले नट असतील तर गाडी तशीच पुढे नेऊ नका.

चाक उतरवा आणि नीट बघा

खरं उत्तर सापडण्याची शक्यता इथेच सर्वात जास्त आहे, म्हणून घाई करू नका. सपाट जागा निवडा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, जॅकने गाडी उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

चाक काढलं की आधी मधलं भोक आणि हब मोजा. व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) असेल तर उत्तम. बाजारात मिळणारी बरीच अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ मिलिमीटरसारख्या मोठ्या भोकाची बनवतात. गाड्यांचे हब मात्र लहान असतात: फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांचे ५७.१, होंडाच्या अनेक गाड्यांचे ६४.१, टोयोटाच्या अनेक गाड्यांचे ६०.१. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. रिंगचा बाहेरचा व्यास चाकाच्या भोकाएवढा आणि आतला व्यास हबएवढा हवा. रिंगच नाही, चारपैकी एकाच चाकात नाही, भलत्याच मापाची आहे, प्लास्टिकची होती आणि तडकली किंवा वितळली, हे सगळे प्रकार होतात. बसवल्यावर रिंग हाताने हलत असेल तर ती काहीच काम करत नाहीये. नट आवळल्यानंतर गाडीचा भार रिंगवर येत नाही, तिचं काम फक्त चाक मध्यावर आणणं. त्यामुळे नीट मापाची प्लास्टिकची रिंगही चालते. जिथे ब्रेक खूप तापतात तिथे मी ॲल्युमिनियमचीच घेईन.

आता हबचा सपाट भाग बघा, चाक टेकतं तो. तिथे गंजाचा पापुद्रा असेल किंवा डिस्क धरणारा छोटा स्क्रू वर आलेला असेल, तर चाक वाकडं टेकतं. कारखान्यातून डिस्क धरायला लावलेल्या पत्र्याच्या चकत्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, नट बसतात ते बोल्ट) राहिल्या असतील तर त्याही काढा. जुन्या चाकाच्या मागे त्यांना जागा असते, नव्याच्या मागे असेलच असं नाही. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण घासा आणि बोट फिरवून बघा, खडबडीत लागता कामा नये. चाकाच्या मागच्या बाजूलाही रंगाचे थेंब किंवा मातीचा थर राहिलेला असू शकतो.

मग नट. याकडे फार कमी लोक बघतात. नटाचा चाकात बसणारा भाग तीन प्रकारचा असतो: ६० अंशाचा शंकू, गोलाकार आणि सपाट वॉशरचा. बाजारातली बहुतेक अलॉय शंकूच्या नटांसाठी असतात; कंपनीचे जुने नट गोलाकार किंवा सपाट असू शकतात. ते नव्या चाकात वापरले तर नट जेमतेम एका कडेवर टेकतो, चाक मध्यावर येत नाही आणि नट हळूहळू ढिला होतो. चाकाच्या नटाच्या खोबणीत टॉर्चने बघा: बरोबर नटाची खूण पूर्ण गोल आणि सारख्या रुंदीची दिसते. चंद्रकोरीसारखी अर्धवट चकाकी दिसली तर नट चुकीचा आहे किंवा चाक बाजूला बसत होतं. चाकाला पुन्हा रंग दिला असेल तर त्या खोबणीत रंगाचा जाड थर नसावा.

आटेही तपासा. १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.२५ आणि १.५ असे दोन आटे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) प्रचलित आहेत आणि ते एकमेकांत चालत नाहीत. नट हाताने सहज फिरत गेला पाहिजे, पाना लावण्याआधी. १.५ आट्याच्या १२ मिलिमीटर स्टडवर किमान ८ फेरे पकड हवी.

शेवटी पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ४×९८ आणि ४×१००, किंवा ५×११२ आणि ५×११४.३ या मापांत फरक इतका कमी आहे की जबरदस्तीने चाक बसतं. पण ते तिरपंच बसतं आणि स्टडवर ताण येतो. असं चाक गाडीवर ठेवायचं नाही, यात तडजोड नको.

पुन्हा बसवताना

चाक हबवर ढकलल्यावर रिंगमध्ये घट्ट सरकून टेकलं पाहिजे. सगळे नट हाताने लावा. गाडी अजून उचललेलीच असताना एक सोडून पलीकडचा, अशा ताऱ्याच्या क्रमाने हलके आवळा आणि मध्ये मध्ये चाक हलवत राहा, म्हणजे ते मध्यावर सरकेल. मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) त्याच क्रमाने दोन टप्प्यांत पूर्ण आवळा. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतं, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, कारण मॅन्युअलमधला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठीच असतो. एअर गनने एका दमात नट ठोकण्याची सवय बऱ्याच दुकानांत आहे. पहिला नट चाक एका बाजूला ओढून धरतो आणि बाकीचे त्याला तिथेच पक्कं करतात. एवढंच टाळल्याने किती तरी गाड्या सुधारतात.

आता पुन्हा त्याच रस्त्यावर जा. थरथर गेली असेल तर काम झालं.

गेली नसेल तर

चाक उचलून हाताने फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक स्थिर खूण धरा. स्टँडवर बांधलेली तारही चालते. रिम आणि तार यांमधली फट फिरताना कमी-जास्त होते का बघा, वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही दिशांनी. रिम एक मिलिमीटरच्या आसपास हलताना दिसली तर डायल गेजने (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. रिम सरळ आणि टायर मात्र उसळतोय असं दिसलं तर टायरच्या बाजूवर, रिमजवळ असलेली बारीक गोल रेघ बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे ती रिममध्ये बुडालेली असेल तर टायर पूर्ण बसलेला नाही. हवा काढून, साबणपाणी लावून पुन्हा बसवून घ्या.

बॅलन्सिंग करून घेताना समोर उभे राहा. जुनी सगळी वजनं काढायला सांगा. शून्य आल्यावर चाक मशिनवरून सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा धरायला सांगा आणि परत फिरवा. आकडा १० ग्रॅमपेक्षा जास्त बदलला तर चाक मशिनवरच मध्यावर धरलेलं नाही, आणि त्या शून्याला अर्थ नाही. चिकटवलेली वजनं ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला पकडणारा भाग) घासून निघत नाहीत ना, हेही चाक बसवल्यावर बघा. नव्या चाकांत कॅलिपर आणि रिममधली जागा कमी असू शकते. नवीन टायर बसवल्यावर लगेच जोरात ब्रेक मारले तर साबणपाणी वाळायच्या आत टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्स बिघडतो, म्हणून पहिले एक-दोन दिवस जपून चालवा.

मग अदलाबदल. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. टायरवर दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेवा. पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं असतील तर हे करता येणार नाही. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली की दोषी चाक आता मागे आहे. जुनी चाकं अजून असतील तर ती चारही लावून चालवणं ही सर्वात स्पष्ट परीक्षा. जुन्या चाकांवरही थरथर येत असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश आणि व्हील बेअरिंग बघायला हवेत. उचललेलं चाक १२ आणि ६ वर धरून, मग ३ आणि ९ वर धरून हलवा. ढिलेपणा हाताला कळतो. ऑफसेट (चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप) बदलून चाक बाहेर आलं असेल तर स्टिअरिंगवर येणारा जोर वाढतो, आणि जुन्या चाकांवर लपलेला हाच ढिलेपणा नव्यांवर उघड होतो.

अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. ठरावीक वेगाला थरथर सहसा त्यातून येत नाही, तेव्हा त्याचे पैसे आत्ता राखून ठेवा.

इतकं करूनही उत्तर मिळालं नाही तर रोड फोर्स मशिन असलेल्या ठिकाणी जा. त्यात चाकाला रोलर दाबून फिरवतात, त्यामुळे टायरचा एखादा भाग कडक आहे का हे कळतं; साध्या मशिनला ते दिसत नाही. टायर रिमवर फिरवून दोघांचे उंच-सखल भाग जुळवता येतात. तरीही आकडा खाली येत नसेल तर तो टायर बदलून मागा.

दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरच्या आत नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि कंपनीचे जुने नट फेकू नका. स्टेपनी अजून जुन्याच स्टीलच्या रिमची असेल तर तिला तेच लागू शकतात, म्हणून ते पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा.